उत्तरेचा किनारा, ऐन हिवाळा आणि अख्खं घर सोबत : अनुभव लिहा

खारावारा
सकाळी डबे भरत होते आणि रेडिओवर जहाजांचं हवामान लागलं. बीबीसीवर एका सुरात वाचतात ते. समुद्राच्या एकेका भागाचं नाव घेत, वायकिंग, फोर्टीज, क्रॉमर्टी, फोर्थ, टाइन, डॉगर... आमच्या घरात कुणाची बोट नाही, तरी मी ते कधी बंद करत नाही. आज 'फेअर आइल'ला वादळी वारे सांगितले आणि मला एकदम स्कॉटलंडच्या डनेट हेडवरच्या सासूबाई आठवल्या. नेसूची साडी, आत थर्मल, वर सासऱ्यांचा कोट, त्यावर माझा रेनकोट, डोक्याला मफलर करकचून बांधलेला, आणि वाऱ्याला तोंड देऊन उभ्या.

काही वर्षं झाली. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे लीड्सला आले होते. नाताळच्या सुट्टीत जो तो म्हणायचा, त्यांना पॅरिस दाखवा. सासरे म्हणाले, "पॅरिस टीव्हीवर बघितलंय. या देशाचं टोक कुठे आहे ते दाखव." यांना तेवढंच हवं होतं. गाडीत तांदूळ, मेतकूट, लोणचं, पोरांच्या उलट्यांच्या पिशव्या भरल्या आणि निघालो. इन्व्हर्नेसला मुक्काम, दुसऱ्या दिवशी थर्सोजवळ कॉटेज.

लोक जॉन ओ'ग्रोट्सच्या पाटीपाशी फोटो काढून 'टोक झालं' म्हणतात. मुख्य भूमीचं खरं उत्तर टोक डनेट हेड, थोडं पश्चिमेला. तिथला दिवा, म्हणजे दीपस्तंभ, १८३१ सालचा, रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी बांधलेला. दिवा तीनशे फुटांच्या कड्यावर आहे आणि तरीही वादळात लाटांनी उडवलेले दगड त्याच्या काचांना लागलेत असं तिथले लोक सांगतात. मी हसले होते. पाचच मिनिटं उभी राहिले आणि हसू गेलं. समोर पेंटलंड फर्थ. अटलांटिक आणि उत्तर समुद्र दोघांचं पाणी त्या चिंचोळ्या पट्ट्यातून ये-जा करतं, त्यामुळे पाणी नुसतं लाटांनी हलत नाही, नदीसारखं वाहतं. पलीकडे ऑर्कनी बेटांतलं हॉय.

सासूबाईंचं माहेर हर्णै. बंदरावरच वाढलेल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "आमचा समुद्र पावसाळ्यात असा होतो. तेव्हा होड्या वर ओढून घरी बसतो आम्ही. हे लोक यात जातात?" जातात म्हटलं. "गरज असणार," म्हणाल्या, आणि पुन्हा बघत राहिल्या.

दिवस एवढासा. नऊला उजाडतं, साडेतीनच्या आत दिवे लागतात. आम्ही एका दिवसाला एकच ठिकाण धरलं. डर्नेसला स्मू गुहा पाहिली. बाहेरचं दालन समुद्रानं कोरलेलं, आतलं वरून येणाऱ्या ओढ्यानं. पाऊस भरपूर झालेला, आतला धबधबा असा कोसळत होता की पोरं ओरडत होती आणि ऐकू काहीच येत नव्हतं. विक गावाच्या दक्षिणेला व्हेलिगोच्या पायऱ्या आहेत, कड्यात कापलेल्या, सव्वातीनशेच्या वर. एकेकाळी खाली हेरिंग मासळी उतरायची आणि बायका टोपल्या घेऊन त्या पायऱ्या चढायच्या, मग विकपर्यंत चालत जाऊन विकायच्या. पायऱ्या ओल्या होत्या म्हणून आम्ही वरूनच पाहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "आणि परत येऊन सैपाक कोण करायचं?" कुणीच उत्तर दिलं नाही. सासरे तर समुद्राकडे बघायला लागले.

तर लिहा. उत्तरेकडचा कुठलाही खडकाळ किनारा, हिवाळा आणि सोबत घरची माणसं. मे महिन्यातले टी-शर्टमधले फोटो नकोत.

अबोली
पहिला नंबर!! सासरे समुद्राकडे बघायला लागले 😂😂 कुकर लावलाय, येते लिहायला.

दगडधोंडे
आम्ही उत्तर आयर्लंडला, जानेवारीत. बेलफास्टला बहीण असते. जायंट्स कॉजवे. पायऱ्यापायऱ्यांचे षट्कोनी खांब, सुमारे चाळीस हजार. लाव्हा संथपणे थंड होताना आकसतो, तडे जातात, ते तडे खाली खाली सरकत जातात आणि खांब तयार होतात. वय साधारण सहा कोटी वर्षं.

आई म्हणाली, "हे तर अंधेरीचं."

आणि तिचं बरोबर होतं! आम्ही अंधेरी पश्चिमेचे. गिल्बर्ट हिल घरापासून चालत. तोही बसाल्टच, तेच उभे खांब, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. फरक इतकाच की कॉजवेला जगभरातून माणसं येतात आणि आमच्या टेकडीला चहूबाजूंनी इमारतींनी वेढलंय. वर गावदेवीचं मंदिर आहे, आई दर नवरात्रात जायची. तिनं कॉजवेच्या एका खांबाला हात लावून नमस्कारच केला. शेजारी एक आयरिश आजोबा होते, त्यांनी टोपी काढली. कशाला ते त्यांनाही माहीत नसावं.

हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी: पाण्याजवळचे काळे पडलेले दगड म्हणजे जिथपर्यंत लाट येते ती जागा. तिथले कर्मचारी आधीच सांगतात, काळ्यावर पाय ठेवू नका. ते ऐका. कॅरिक-अ-रीडचा दोरांचा पूल वारा वाढला की बंद ठेवतात, आम्ही गेलो तेव्हा बंदच होता. तीस मीटर खाली पाणी. भाऊजींनी फार हळहळल्यासारखं दाखवलं, पण चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

चहाबाज
फिन मॅकूलची गोष्ट सांगा की दगडधोंडे. खरी मजा तीच.

दगडधोंडे
फिन राक्षसानं स्कॉटलंडच्या राक्षसाशी भांडायला हा दगडी रस्ता बांधला. मग पलीकडचा येताना दिसला तर तो याच्याहून दांडगा. हा घाबरून घरी पळाला. बायकोनं याला बाळाचं टोपडं घालून पाळण्यात झोपवलं. पलीकडच्यानं बाळ बघितलं आणि म्हणाला, पोरगं एवढं तर बाप केवढा! पळाला, आणि जाताना रस्ता उखडून गेला. म्हणून पलीकडे स्टाफा बेटावर तसेच खांब आहेत आणि मधे समुद्र.
माझ्या बायकोचं मत: नवऱ्यानं केलेला राडा निस्तरायला बायकोच लागते, मग देश कुठलाही असो.

अबोली
वहिनींना साष्टांग 🙏

घाटवळण
खारावारा ताई, तुम्ही थर्सो लिहिलंत आणि राहवलं नाही. आम्हीपण तोच भाग, पण पश्चिमेकडून. अल्लापूल, लॉकिन्व्हर, डर्नेस. वडील एसटीत चालक होते. कुंभार्ली घाट, आंबा घाट, आयुष्य त्यातच गेलं. तिथे एकपदरी रस्ते आहेत, थोड्या थोड्या अंतरावर गाडी बाजूला घ्यायला जागा केलेली. समोरून कुणी आलं की ज्याला जवळ असेल तो थांबतो, आणि जाणारा हात वर करून जातो. प्रत्येक जण. ट्रकवालासुद्धा.

वडील पुढच्या सीटवर बसून प्रत्येकाला हात करायचे. मी केला तरी ते करायचेच. एका चढावर मी थांबलो नाही तर म्हणाले, "बरोबर. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. समोरच्यानं थांबायचं." इथल्या नियमाच्या पुस्तकातपण तेच आहे म्हटल्यावर इतके खूश झाले, जसं काय महामंडळानं पत्र पाठवलंय. संध्याकाळी फोनवर गावातल्या मित्राला किनाऱ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. "रस्ता अरुंद, वळणं लै, पण माणसं शिस्तीची," एवढंच.

मागच्या वर्षी गेले ते. त्या ट्रिपचा एकच व्हिडिओ आहे माझ्याकडे, त्यातपण ते हातच करतायत, मेंढ्यांना.

खारावारा
घाटवळण दादा, काय लिहू. मेंढ्यांना हात केला म्हणजे माणूस खरा चालक. रस्त्यावर जे येईल ते वाहनच.

कोल्हापुरी_रस्सा
घाटवळण, माजं पण वडील एसटीतच, वाहक हुते. मिठी मार भावा.

सह्यकडा
❤️ दोघांनाही.

नागपूरची_संत्री
मी अजून कुठे गेली नाही पण डिसेंबरात नवरा नेतो म्हणतो आहे. नागपूरची थंडी मला खूप वाटते, तर तिथे काय होईल माझं? कपडे काय घेऊ? सासूबाईंना स्वेटरवर स्वेटर चालतील का?

पुणे_सध्या_न्यूजर्सी
ताई, स्वेटरवर स्वेटर नको. आत अंगाला चिकटून लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल (सुती नको, घाम धरून ठेवतं), मधे फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. किनाऱ्यावर तापमान फार उतरलेलं नसतं, वारा मारतो. म्हणून वरचा थर महत्त्वाचा. आणि छत्री घरी ठेवा. उघडली की गेली.

कोल्हापुरी_रस्सा
आणि माकडटोपी. माकडटोपीला पर्याय न्हाई. माझ्या चुलत्यानं घातली तर त्या गावातली बाई थांबून इचारत हुती कुठून घेतली. महाद्वार रोड म्हनलं.

अबोली
😂😂😂

वेसाव्याची_पोर
आमची गोष्ट लोफोटेनची, नॉर्वे. फेब्रुवारी. मी, नवरा, मुलगी आणि माझी आय. आय पहिल्यांदाच परदेशात. मी तिला नॉर्दर्न लाइट्स दाखवायला नेलं होतं. ढग होते, काय दिसलं नाही. पण हेनिंग्सव्हेअर गावात पोचलो आणि आय गाडीतनं उतरली ती ओरडलीच, "अगो, वलांड्या!"

लाकडी मांडव, उंचच्या उंच, आणि त्यावर मासा वाळत घातलेला. कॉड. दोन दोन मासे शेपटीला बांधून दांडीवर टाकलेले. आमच्याकडे बोंबील दोन दोन घेऊन जबड्यात जबडा अडकवून टाकतात. आयचं आख्खं आयुष्य त्यात गेलंय. तिनं तिथल्या एका बाप्याला हातवारे करून विचारायला सुरुवात केली, मी दुभाषी. मीठ लावता? नाही. किती दिवस? फेब्रुवारीत टाकतो, उन्हाळ्याच्या तोंडाला काढतो. माशा बसत नाहीत? थंडी असते, माशाच नसतात. आयला हे काही केल्या पटेना. माशा नाहीत, मीठ नाही, पाऊस पडतो तरी मासा कुजत नाही! थंडी शून्याच्या आसपास राहते, फार खाली जात नाही आणि फार वर येत नाही, वारा सतत, म्हणून जमतं.

तिथे कॉड येतो तो बॅरेंट्स समुद्रातनं, अंडी घालायला, जानेवारी ते एप्रिल. त्याच वेळेला सगळं गाव जागं. वाळलेला मासा इटलीला जातो, डोकी वेगळी वाळवतात ती नायजेरियाला. आणि माशांच्या जिभा कापायचं काम शाळेतली पोरं करतात, त्याचे त्यांना पैसे. माझी मुलगी (तेव्हा नऊ वर्षांची) ते बघून म्हणाली मला पण करायचंय. आय म्हणाली, "घरी बोंबील साफ करायला सांगितलं तर नाक धरतंस."

परत येताना आयनं बॅगेत एक अख्खा वाळका कॉड आणला. लाकडासारखा कडक. शेजारणीला दाखवला, कालवण नाही केलं. अजून आहे तो, कपाटावर.

सह्यकडा
हे वाचून जन्म सार्थक झाला. त्या माणसानं काय विचारलं आईंना?

वेसाव्याची_पोर
विचारलं, तुमच्याकडे किती बोटी. आय म्हणाली, आता कमी झाल्यात. तो म्हणाला, आमच्याकडे पण. मग दोघं गप्प. मग त्यानं कॉफी दिली.

टोकियोकर
एक प्रश्न पडला. लोफोटेन ६८ अंश उत्तर ना? आर्क्टिक वृत्ताच्या वर. तरी समुद्र गोठत नाही? कारण आम्ही गेलो होतो होक्काइदोला, अबाशिरी, ४४ अंश, म्हणजे युरोपात धरलं तर दक्षिण फ्रान्सच्या रेषेत. आणि तिथे फेब्रुवारीत समुद्र पांढरा! क्षितिजापर्यंत बर्फाचे तुकडे. ऑरोरा नावाची बर्फ फोडणारी बोट आहे, तिच्यावर बसून गेलो. खालून बर्फ मोडतानाचा आवाज पोटात जाणवतो. बाबा (८१) रेलिंग सोडायला तयार नव्हते, आई आत बसून सूप पीत होती आणि दर पाच मिनिटांनी फोन करत होती, "आत या." एकाच बोटीवर.

दगडधोंडे
टोकियोकर, भारी प्रश्न. नॉर्वेच्या किनाऱ्याला अटलांटिकचा उबदार प्रवाह लागून वर जातो, म्हणून तिथली बंदरं हिवाळ्यातही खुली. तुमच्या ओखोत्स्क समुद्रात उलटं आहे. आमूर नदी गोडं पाणी आणून ओतते, त्यामुळे वरचा थर कमी खारट राहतो. तो खालच्या जड पाण्यात मिसळत नाही, आणि सैबेरियाचा वारा लागला की लवकर गोठतो. मग तो बर्फ वाऱ्यानं आणि प्रवाहानं दक्षिणेला होक्काइदोपर्यंत येतो. नुसते अक्षांश बघून बॅग भरायची नाही, हे त्यातून निघतं.

टोकियोकर
धन्यवाद! बाबांना पाठवतो. त्यांना वाटतं तो बर्फ थेट उत्तर ध्रुवावरून आलाय आणि त्यांनी सोसायटीत सगळ्यांना तसंच सांगितलंय.

चहाबाज
राहू द्या. सोसायटीत उत्तर ध्रुवच बरा.

रानजाई
आम्ही लांब नाही गेलो, नॉर्थम्बरलंड. न्यूकॅसलला राहतो त्यामुळे तासाभराचं काम. पण डिसेंबरात बांबरोचा किल्ला आणि खाली रिकामी पुळण बघितली की दुसरं काही लागत नाही. पोरींना ग्रेस डार्लिंगचं म्युझियम फार आवडलं. १८३८ साली लाँगस्टोनच्या दिव्यावरच्या रखवालदाराची ही मुलगी, वय बावीस. फॉरफरशर नावाची बोट खडकावर फुटली तेव्हा वडिलांबरोबर वल्ही मारत गेली आणि माणसं वाचवून आणली. धाकटी तेव्हापासून आंघोळीच्या टबात रोज कुणाला ना कुणाला वाचवते.

होली आयलंडला जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय जाऊ नका. रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. मधे खांबांवर एक खोपटं आहे, अडकलेल्यांनी चढून बसायला. दर वर्षी कुणीतरी गाडी घालतंच. सासरे वेळापत्रकाचा कागद हातात घेऊन चर्चच्या दारात उभे, "चला, चाळीस मिनिटं राहिली... चला, पस्तीस." काय बघितलं विचाराल तर सासऱ्यांचं घड्याळ.

अबोली
आले. कुकर झाला, भांडी झाली.
आमचं व्हिट्बी. १९९ पायऱ्या, वर पडकं मठ, वारा असा की नवऱ्याचा चष्मा गेला. म्हणजे खरंच गेला, उडून. पण मला सांगायचंय ते खाण्याचं. आम्ही शाकाहारी. काकू आणि मी नुसते चिप्स घेतले, बटाटाच तर आहे. खायला सुरुवात करणार तेवढ्यात नवरा म्हणाला थांब विचारतो. यॉर्कशरमध्ये बऱ्याच ठिकाणी चिप्स गाईच्या चरबीत तळतात!! दुकानदारानं अभिमानानं सांगितलं. काकूंनी पुडा हळूच टेबलावर ठेवला आणि पर्समधून दशम्या काढल्या. दोन दिवसांच्या. त्यांनी त्या तेवढ्यासाठीच केल्या होत्या म्हणे.

नागपूरची_संत्री
अरे बापरे! हे तर कोणीच सांगत नाही. धन्यवाद ताई. म्हणजे विचारायचं काय, इंग्रजीत?

अबोली
'व्हेजिटेबल ऑइल का' असंच विचार. हल्ली बऱ्याच ठिकाणी पाटी असते. आणि ज्या दुकानात चरबी वापरतात त्यांच्याबाहेर रांग मोठी असते 😄

कोल्हापुरी_रस्सा
आमी सगळं खातो, आमाला पत्ता पाठवा.

पुणे_सध्या_न्यूजर्सी
इकडून अमेरिकेतलं मेन राज्य. थँक्सगिव्हिंगनंतर गेलो, मी, बायको, दोन मुलं, आई-बाबा. सगळ्यांनी वेड्यात काढलं. बार हार्बर गाव बंद, हॉटेलं बंद, आइस्क्रीमचं दुकान बंद (मुलांची रडारड). अकेडिया पार्कमधला गोल रस्ता १ डिसेंबरपासून बराचसा गाड्यांना बंद होतो, पण ओशन ड्राइव्हचा तुकडा उघडा असतो. आख्ख्या पार्कात आम्हीच. थंडर होलपाशी लाट कपारीत घुसते आणि आतली हवा दाबून गडगडाट होतो. बाबा दर गडगडाटाला "ऐका" म्हणायचे, जसं काय आम्ही बहिरे.

परतताना पोर्टलंड हेडचा दिवा. १७९१ ला पहिल्यांदा पेटला, जॉर्ज वॉशिंग्टनच्या काळात. सकाळी इतकं गार होतं की समुद्रातून वाफ निघत होती. हवा पाण्यापेक्षा फारच थंड झाली की तसं होतं, तिथे सी स्मोक म्हणतात. आईला वाटलं पाणी तापलंय, ती हात घालायला निघाली. थांबवली.

हळदकुंकू
सॉरी, विषय सोडून. खारावारा, तू लीड्सची ना? संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा तुझ्याकडे आहे का? ग्रुपवर काही कळेना.

खारावारा
हो गं, माझ्याकडेच. वाण काय द्यायचं ते ठरेना, सुचव. (धाग्यावर सगळ्यांची माफी.)

चहाबाज
माकडटोपी द्या.

सह्यकडा
आइसलंड कुणी लिहिलं नाही अजून? मग मी. सगळे दक्षिण किनाऱ्यावर जातात, आम्ही उत्तरेला गेलो, मार्चच्या सुरुवातीला. ह्वीत्सेर्कुर म्हणून समुद्रात एक सुळका आहे, पंधरा मीटर, खाली भोकं पडलेली, पाणी पिणाऱ्या जनावरासारखा दिसतो. उजाडण्याआधी घरी न पोचलेला ट्रोल, म्हणजे तिथला राक्षस, दगड झाला अशी तिथली गोष्ट. आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या डोळ्यांनी बघितलं तर चढाईला वाव नाही, पण फोटोला आहे.

दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, गाडीचं दार वाऱ्यात दोन हातांनी धरून उघडायचं. वारा दार उलटं मोडतो, आणि भाड्याच्या गाडीच्या बऱ्याचशा विम्यांत ते धरत नाहीत. आमच्यासमोर एकाचं गेलं. दोन, निघण्याआधी कुठले रस्ते उघडे ते सरकारी नकाशावर रोज बघायचं.

आता खरी गोष्ट. तिथे गावागावात गरम पाण्याचे तलाव असतात, जमिनीतलं पाणी. होफसोसचा तलाव तर समुद्राला लागूनच. बाहेर बर्फ, आपण गरम पाण्यात. मावशी (६७, सदाशिव पेठ) तयार होती. पण तलावात जाण्याआधी सगळे कपडे काढून साबणानं आंघोळ करायची सक्ती असते, आणि आतमध्ये सामायिक शॉवर. चित्र काढलेलं असतं भिंतीवर, कुठे कुठे घासायचं. मावशीनं ते चित्र एकदा वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मी बाहेर बसून तुमचे कपडे सांभाळते."

अबोली
चष्मा पुसला 😭😭😭 मेले मी

रानजाई
मग गेली का शेवटी?

सह्यकडा
दुसऱ्या दिवशी गेली! एका स्थानिक आजीनं हात धरून नेली म्हणे आतमध्ये. आत काय झालं ते आजतागायत सांगितलं नाही. पण त्यानंतर रोज "आजचा तलाव कुठला" हा पहिला प्रश्न. समुद्र, सुळके, सगळं राहिलं बाजूला.

घाटवळण
लै दिवसांनी एवढा हसलो. आभार सगळ्यांचे.

नागपूरची_संत्री
खारावारा ताई, आम्ही तुमचाच रस्ता धरतो म्हणतो आहे. लीड्समधून किती वेळ लागतो, आणि बर्फात गाडी चालते का?

खारावारा
इन्व्हर्नेसपर्यंत आख्खा दिवस धर, पोरं असतील तर अंधार होईलच. ए-नाइन रस्त्यावर ड्रमॉक्टरची खिंड लागते, बर्फ जास्त झालं की तिथे रस्ता बंद करतात, म्हणून निघताना बातमी बघ आणि एक दिवस हातचा ठेव. किनाऱ्यावर मात्र बर्फ फारसं टिकत नाही. पेट्रोल पंप दिसला की भर, अर्धी टाकी असली तरी. नाताळच्या आठवड्यात खाणावळी बंद मिळतात, त्यामुळे कॉटेजच घे. केप रॅथला (वायव्येचं टोक) जायची होडी हिवाळ्यात नसते, ते डोक्यातून काढ.

नागपूरची_संत्री
कॉटेजमध्ये कुकर असतो का?

खारावारा
नसतो. आपला ने. इंडक्शनवर चालणारा असेल तर उत्तम, आणि जास्तीची रिंग टाक. ती तिथे कुठे मिळत नाही.

अबोली
आणि फोडणी देताना स्मोक अलार्म वाजतो. खिडकी उघडून द्या.

खारावारा
डनेटला खिडकी उघडलीस तर फोडणी राहू दे, कढई शोधायला ऑर्कनीला जावं लागेल.

हळदकुंकू
मग हळदीकुंकू शनिवारी की रविवारी? मला शिफ्ट बदलून घ्यायचीय.

खारावारा
रविवारी, दुपारी दोनपासून. तिळगूळ मी करतेय, तू चहाचे कप आण, माझ्याकडे बाराच आहेत.